दोन वर्तुळे आणि मथुराबाई

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कोनमापक आहे. नाव ऐकून लगेच कंपासपेटी उघडू नका. तिच्यातला तो प्लॅस्टिकचा, आरपार दिसणारा, दप्तरात चेपून तडकणारा कोनमापक माझ्या नात्यातला खरा, पण त्याची आणि माझी बरोबरी नाही. मी फळ्यावरचा कोनमापक. हातभर लांब, सागवानी, आणि पाठीला धरायला चांगली मूठ. आकाराने मी अर्धवर्तुळ. अर्धा आहे, पण अर्धवट नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण तेवढ्यावरून मला चिडवणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत.

माझे लाकूड मूळचे एका हातमागाचे. सोलापुरात घरोघरचे हातमाग मोडीत निघाले तेव्हा त्यांतले जुने सागवान सुतारांकडे आले. कुणाचे पाट झाले, कुणाचे देव्हारे झाले, माझ्या वाट्याला भूमिती आली. मला घडवले वीरभद्रप्पा नावाच्या सुताराने. तो अक्कलकोटकडचा, मराठी बोलता बोलता कानडीत शिरायचा. आणि मला घडवून घेतले गंगाधर सरांनी. सर आमच्या शाळेत गणित शिकवायचे. बाजारातले कोनमापक मागच्या बाकावरून दिसत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. ते शाळा सुटली की सुताराच्या दुकानात येऊन बसत आणि माझ्या अंगावरची प्रत्येक रेघ तापल्या सळईने स्वतः समोर बसून डागून घेत.

"साकु, सर, साकु! पुरे की आता," वीरभद्रप्पा कावून म्हणायचा. "पोरं शिकनार का ह्या रेघा मोजत बसनार?"

"रेघ चुकली तर उत्तर चुकेल," सर म्हणायचे. "हिला जरा डावीकडे घ्या."

त्या दोघांच्या भांडणातून मी जन्माला आलो. म्हणूनच असेल, माझा स्वभाव थोडा हट्टी आहे आणि मला चूक खपत नाही.

सरांच्या हातात मी जी वर्षे काढली ती माझी ऐन उमेदीची वर्षे. त्रिकोण, चौकोन तर रोजचेच. पण माझा खरा मान वृत्तालेखाच्या धड्याला असे. सर फळ्यावर दोरीने मोठे वर्तुळ काढत आणि मुलांना सांगत, की हे सगळे मिळून तीनशे साठ अंश, आणि सगळे मिळून शंभर टक्के. म्हणजे एका टक्क्याच्या वाट्याला किती अंश आले? तीन पूर्णांक सहा दशांश. मग जिल्ह्यात ज्वारी किती, ऊस किती, डाळिंब किती, ते टक्क्यांत लिहायचे, त्याचे अंश करायचे, आणि मला वर्तुळाच्या पोटावर टेकवून वाटे पाडायचे. मागच्या बाकावरचा पोरगासुद्धा तेव्हा मान उंचावून बघायचा. एकदा स्नेहसंमेलनात मला दोरी बांधून धनुष्यही केले होते. बाण काही सुटला नाही, पण टाळ्या मिळाल्या.

पुढे सर निवृत्त झाले. वर्गात मोठा डिजिटल फळा आला. बोट लावले की त्याच्यावर वर्तुळ आपोआप उमटे, वाटे आपोआप पडत, वर रंगही भरले जात. मग मला कोण विचारतो? मी कपाटामागे गेलो. तिथून कुणीतरी काढले ते खिडकीची फळी वाऱ्याने आपटते म्हणून, आणि मला तिच्यात अडकवून ठेवले. ज्याने अख्ख्या जिल्ह्याचे पीक मोजले त्याने खिडकी धरून उभे राहायचे! मित्रांनो, मी खोटे कशाला बोलू, फार वाईट वाटले. माझ्या मुठीत एका पालीने घर केले होते. तेवढीच काय ती सोबत.

मला तिथून सोडवले पद्मजा मॅडमनी. त्या याच शाळेच्या विद्यार्थिनी, गंगाधर सरांच्या हाताखाली शिकलेल्या, आणि आता त्यांच्याच जागी गणित शिकवणाऱ्या. शाळा सुटल्यावर त्यांनी संध्याकाळचा एक वर्ग सुरू केला होता, दहावीच्या गणिताचा, फुकट. डिजिटल फळ्याच्या कपाटाची चावी असायची कारकुनाकडे, आणि कारकून पाच वाजता घरी. तेव्हा मॅडमनी जुना काळा फळा पुसून घेतला, इकडेतिकडे पाहिले आणि खिडकीतून मला ओढून काढले. "अरे, तू अजून आहेस होय?" असे त्या म्हणाल्या. पदराने मला पुसले. कारकुनाच्या त्या चावीचे मी आजही उपकार मानतो.

या वर्गात दोन तऱ्हेचे विद्यार्थी. एक, आमच्याच शाळेतली गणितात कच्ची असलेली मुले. दुसऱ्या, सतरा नंबरच्या बायका. ज्याची शाळा मध्येच सुटली त्याला बाहेरून दहावीला बसायचे तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, म्हणून सगळे त्यांना तसेच म्हणत. कुणी विड्या वळणाऱ्या, कुणी टॉवेलच्या कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या, कुणी धुणीभांडी करणाऱ्या. पहिल्या वर्षी त्या मोजक्याच होत्या. दुसऱ्या वर्षी मथुराबाई आल्या आणि चित्र पालटले.

मथुराबाई मोहोळकडच्या एका शेतकरी घरातल्या. लग्न होऊन सोलापुरात आल्या, आणि कडक भाकरीच्या एका केंद्रात कामाला लागल्या. तव्यासमोर बसून दिवसभर ज्वारीच्या भाकऱ्या थापायच्या, त्या पापडासारख्या कडक होतात, पुण्यामुंबईला जातात. आवाज खणखणीत, हसणे त्याहून मोठे. पण गणिताचा तास आला की बाई एकदम मांजर होऊन बसायची. लहानपणी त्यांना एका मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर सांगितले होते, "तुज्या डोक्यात गणित न्हाय." त्या साली त्यांची शाळा सुटली. बाकी सगळे त्या विसरल्या, ते वाक्य मात्र विसरल्या नाहीत.

"मॅडम, मला नोकरीबिकरी काय नको," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या. "त्या मास्तरांचं बोलनं तेवढं खोटं पाडायचंय मला. ते काय आता हायेत का कुनास ठाऊक. माज्यापुरतं खोटं पडलं तरी बास."

वृत्तालेख त्यांना काही केल्या उमगेना. अंश, टक्के, कोन, सगळ्याचा काला व्हायचा. शेवटी मॅडमनी मला वर्तुळावर ठेवून विचारले, "मथुराबाई, ही भाकरी आहे असं समजा. मला हिची चतकोर द्या."

मथुराबाई उठल्या. मॅडमच्या हातातला खडू घेऊन त्यांनी वरून खाली मधोमध रेघ ओढली, मग आडवी. न मोजता. मॅडमनी मला त्या चतकोरावर टेकवले. नव्वद अंश, बरोबर.

"शंभरातले पंचवीस टक्के," मॅडम म्हणाल्या. "आणि हाच काटकोन."

"चतकोर म्हंजी काटकोन व्हय?" मथुराबाई इतक्या मोठ्याने ओरडल्या की शेजारच्या खोलीतला शिपाई डोकावून गेला. "मग आदी सांगायचं न्हाय का! रोज शंभर काटकोन खातो की आमी!"

त्या दिवसापासून मी त्यांचा लाडका झालो. त्यांच्या हाताला पिठाचा वास असायचा आणि माझ्या रेघांत ते पीठ बसायचे. मला ते आवडायचे. आणि आवडलेली गोष्ट एकटीने खाणे त्या बाईच्या स्वभावात नव्हते. भाकरी केंद्रातल्या गिरिजाबाईंना त्या हाताला धरून घेऊन आल्या, गिरिजाबाईंनी जावेला आणले, जावेने शेजारणीला. वर्ग बायकांनी भरून गेला. शाळेतली निम्मी मुले मात्र त्या वर्षी शहरातल्या मोठमोठ्या क्लासना गेली होती.

परीक्षा झाली, निकाल लागला. मथुराबाई बाकीच्या सगळ्या विषयांत निघाल्या आणि गणितात राहिल्या, अगदी थोडक्यासाठी. जुलैत पुरवणी परीक्षा होती. बाईंनी डोळे पुसले, पिशवी उचलली आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा वर्गात येऊन पहिल्या बाकावर बसल्या. मी मनात म्हटले, शाब्बास.

पण त्याच आठवड्यात संकट आले. आमच्या संस्थेचे सचिव देवदत्त सर. माणूस सरळ, कामाला वाघ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वर्षाच्या अहवालासाठी त्यांनी संध्याकाळच्या वर्गाचा गणिताचा निकाल मागवला. गेल्या वर्षी ऐंशी टक्के, यंदा चौऱ्याहत्तर टक्के. त्यांनी मॅडमना बोलावून घेतले आणि अगदी सौम्यपणे सांगितले, की वर्ग चांगला आहे, पण गर्दी झाली आणि दर्जा घसरला. तेव्हा पुढच्या सोमवारपासून फक्त शाळेतली मुले घ्यावीत, बायकांना नमस्कार करावा. मग एवढी मोठी खोली लागणार नाही, तिथे संगणकाची शाळा करता येईल.

मॅडम वर्गात आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. लपवालपवी त्यांना जमत नाही. त्यांनी जे झाले ते सांगून टाकले. मग मथुराबाई उभ्या राहिल्या. त्यांचा तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"मॅडम, मीच आनल्या ह्या समद्या," त्या म्हणाल्या. "मी तोंड उगडलं नसतं तर तुमचा टक्का पडला नसता. आमी जातो. पोरांचा वर्ग तेवढा ऱ्हाऊ द्या."

"खाली बस की गं," गिरिजाबाई त्यांचा पदर ओढत म्हणाल्या. "निघाली लगेच."

"न्हाय, खरंच सांगते. मी नापास झाले ती झाले, वर्ग बी नापास केला."

मित्रांनो, मी फळ्याच्या खिळ्याला लटकलो होतो. लाकडाला रडता येत नाही, पण त्या वेळी माझा सांधा उलेल की काय असे मला वाटले. त्या एका मास्तराचे वाक्य त्या बाईने इतकी वर्षे वाहिले होते. आता त्याच्यावर दुसरे ओझे येऊन बसत होते, आणि ते तिने स्वतःच्या हाताने उचलले होते.

पद्मजा मॅडमनी फळा पुसून घेतला. मग म्हणाल्या, "सोमवार यायचा आहे अजून. आज तास आहे, आणि तास मी बुडवत नाही. आपल्याच निकालाचा प्रश्न सोडवू. लिहून घ्या."

त्यांनी दोरीने फळ्यावर दोन वर्तुळे काढली, सारख्याच मापाची. एक गेल्या वर्षीचे, एक यंदाचे. दोन्ही वर्षी वर्गात पन्नासच जण होते. कोण किती होते, कोण निघाले, हे सगळ्यांनी मिळून आठवले, बोटांवर मोजले. गेल्या वर्षी मुले चाळीस आणि बायका दहा. यंदा मुले वीस आणि बायका तीस. म्हणजे मुलांचे बायकांशी गुणोत्तर आधी चारास एक होते, ते आता दोनास तीन झाले. मॅडमनी मला उचलले. गेल्या वर्षीच्या वर्तुळात बायकांचा वाटा पडला बहात्तर अंशांचा, लहानशी फोड. यंदाच्या वर्तुळात दोनशे सोळा अंश. त्यासाठी मला उलटा फिरवून दोनदा टेकवावे लागले, कारण माझी धाव एकशे ऐंशीपर्यंतच.

"आता प्रत्येकाचा टक्का काढा," मॅडम म्हणाल्या.

मथुराबाईंनी नाक ओढले आणि पेन हातात घेतले. गेल्या वर्षी चाळीस मुलांतली छत्तीस निघाली, नव्वद टक्के. दहा बायकांतल्या चार निघाल्या, चाळीस टक्के. यंदा वीस मुलांतली एकोणीस, पंच्याण्णव टक्के. तीस बायकांतल्या अठरा, साठ टक्के. चारही उत्तरे बरोबर आली. मग त्या पुढेही गेल्या, न सांगता. थोड्याच वेळात त्यांचा हात वर गेला आणि आवाज जागेवर आला.

"मॅडम! चुकलंय त्यांचं! निकाल वाडलाय की! आदी पासष्ट हुता, आता साडेसत्त्याहत्तर हाय!"

वर्गात गलका झाला. मॅडम चमकल्या. "पासष्ट कसे आले?"

"नव्वद आन् चाळीस, मदलं पासष्ट. पंच्याण्णव आन् साट, मदलं साडेसत्त्याहत्तर. आमच्याकडं दोगांचं दोन बोलनं झालं की मदलं धरत्यात. कुनावर अन्याव नगं."

तुम्हीही असे केले असते ना? खरे सांगा. पुष्कळजण करतात. माझ्यासमोर वर्षानुवर्षे मुलांनी हीच चूक केली आहे आणि गंगाधर सरांनी डोक्याला हात लावला आहे. मथुराबाईंच्या गावात भांडण मिटवायला ही रीत फार चांगली. पण टक्क्यांची सरासरी अशी मधोमध धरून निघत नाही.

"अन्याय होतो, मथुराबाई," मॅडम हळूच म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होते, पण चूक त्या सोडून देणाऱ्या नव्हत्या. "गेल्या वर्षी मुलं चाळीस होती आणि बायका दहाच. दोघांना सारखं वजन कसं द्यायचं? एका परातीत चाळीस भाकरीचं पीठ, एकीत दहाचं. दोन्हींत मीठ सारखंच टाकून चालेल?"

"न्हाय," मथुराबाई पुटपुटल्या. "खारट हुईल."

"मग टक्क्यापेक्षा माणसं मोजा. गेल्या वर्षी छत्तीस आणि चार, चाळीस जण निघाले. पन्नासातले चाळीस, ऐंशी टक्के. यंदा एकोणीस आणि अठरा, सदतीस जण. पन्नासातले सदतीस, चौऱ्याहत्तर टक्के. देवदत्त सरांचा हिशेब बरोबर आहे."

मथुराबाई मटकन खाली बसल्या. फळ्यावरचे चारही टक्के त्यांनी एकेक करून पुन्हा वाचले. बाकीच्या बायका पिशव्या आवरायला लागल्या होत्या. मग त्यांनी हात वर केला नाही, उभ्याही राहिल्या नाहीत, बसल्या जागेवरूनच विचारले,

"मॅडम, पन पोरांचा टक्का नव्वदचा पंच्याण्णव झाला. बायांचा चाळीसाचा साट झाला. दोगांचा बी वाडला. मग घसरलं कोन?"

मॅडमच्या हातातला खडू थांबला. इतकी वर्षे मी वाटे पाडत आलो, पण हा प्रश्न कधी माझ्या समोर आला नव्हता. कारण मित्रांनो, मी एका वर्तुळात कुणाचा वाटा किती ते सांगतो. दोन वर्तुळे शेजारी ठेवून काय विचारायचे, ते माणसालाच सुचावे लागते.

मॅडमनी फळ्याकडे वळून आकडे पुन्हा वाचले. मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "कुणीच नाही," त्या म्हणाल्या. "कुणीच घसरलं नाही, मथुराबाई. दोघेही वर चढले. फक्त ज्यांची चढण अवघड आहे त्या जास्त आल्या. लहान फोड मोठी झाली, म्हणून एकूण आकडा खाली दिसतो."

"म्हंजी मी बाया आनल्या म्हनून..."

"म्हणून चारच्या ऐवजी अठरा बायका गणितात पास झाल्या."

गिरिजाबाईंनी यावर मथुराबाईंच्या पाठीत असा धपाटा घातला की त्यांच्या हातातले पेन उडाले.

मॅडमनी ती दोन्ही वर्तुळे पुसू दिली नाहीत. शनिवारी त्यांनी देवदत्त सरांना वर्गात बोलावले. सर आले ते मोजपट्टी घेऊनच, संगणकांची टेबले कुठे लावायची ते बघायला. मॅडमनी त्यांना पहिल्या बाकावर बसवले आणि मला मथुराबाईंच्या हाती दिले. त्यांनी दोन्ही वर्तुळांचे वाटे पुन्हा मोजून दाखवले, चारही टक्के सांगितले, आणि शेवटी तोच प्रश्न विचारला. सरांनी खिशातले पेन काढून आपल्या तळहातावर आकडेमोड केली. एकदा केली, खोडली, पुन्हा केली.

"मॅडम, हे मला दिसायला हवं होतं," ते म्हणाले. तेवढे बोलायला मन मोठे लागते. मग त्यांच्यातला सचिव जागा झाला. "पण उद्या आणखी बायका आल्या, तर एकूण टक्का आणखी खाली येईल. अहवाल वाचणारे मला विचारतील. त्यांना काय सांगू?"

"येऊ शकतो, सर," मॅडम खरे तेच म्हणाल्या.

"येऊ द्या की, सर," मथुराबाई म्हणाल्या. "टक्का खाली यील, बाया वर जातील."

देवदत्त सर मोठ्याने हसले. असा हसणारा माणूस नाही तो. मोजपट्टी त्यांनी खिशात घातली. जुलैची परीक्षा होईपर्यंत वर्ग जसा आहे तसा चालू दे, मग बघू, असे ते म्हणाले. अहवालात मात्र दोन्ही वर्तुळे छापायला सांगितली, खाली माणसांच्या संख्येसकट. आणि शाळेच्या ओट्यावर बाहेरून जो फळा आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारा, त्याच्यावर यंदाचे वर्तुळ मोठे करून काढून घेतले. पास झालेले चौऱ्याहत्तर टक्के हिरव्या खडूने रंगवले, बाकीची जागा काळीच ठेवली.

मथुराबाई रोज त्या फळ्यासमोरून वर्गात यायच्या. काळ्या जागेकडे बघायच्या आणि आत येऊन पुस्तक उघडायच्या. दिवसा भाकऱ्या, संध्याकाळी गणित. त्यांच्या चुका कमी झाल्या असे नाही, पण आता चुकल्या की मांजर होत नसत. "आता कशी चुकले ते सांगा," म्हणत मॅडमच्या मागे लागायच्या. मला या बाईची इतकी सवय झाली की एखाद्या दिवशी त्यांना यायला उशीर झाला तर माझे सगळे लक्ष दाराकडे असे.

पुरवणी परीक्षेचा निकाल लागला तेव्हा आमच्या राहिलेल्या तेरा जणांतले सात जण निघाले. एक मुलगा आणि सहा बायका. गिरिजाबाईंची जाऊ निघाली. आणि मथुराबाई निघाल्या. केंद्रातून तशाच पळत आल्या होत्या, कपाळाला पीठ, चपला दोन पायांत दोन तऱ्हेच्या. कुणीतरी म्हणाले, आता आपण अठ्ठ्याऐंशी टक्के झालो, गेल्या वर्षीच्या पुढे गेलो. तर मॅडमनी लगेच दटावले, की गेल्या वर्षी जुलैत निघालेले त्या ऐंशीत धरलेले नाहीत, ते धरल्याशिवाय फुशारकी मारायची नाही. गंगाधर सर तिथे असते तर त्यांनी या मुलीची पाठ थोपटली असती.

तेवढ्यात देवदत्त सर आले. त्यांच्या हातात हिरव्या खडूची नवी पेटी होती. "मॅडम," ते म्हणाले, "ओट्यावरचं वर्तुळ आता चुकीचं झालंय. दुरुस्त करायला हवं. आणि पुढच्या वर्षीचे सतरा नंबरचे फॉर्म कधी मागवायचे तेही सांगा."

मग आमची सगळी वरात ओट्यावर गेली. पन्नासातला एक म्हणजे दोन टक्के, आणि दोन टक्के म्हणजे सात पूर्णांक दोन दशांश अंश. मॅडमनी ठरवले, की प्रत्येकाने आपला वाटा आपणच मोजायचा आणि आपणच रंगवायचा. मी हातोहात फिरत गेलो. काळ्या जागेतून एकेक फोड हिरवी होत गेली. सगळ्यांत शेवटी मथुराबाई पुढे आल्या. त्यांनी मला वर्तुळाच्या मधोमध टेकवले, सात रेघा मोजल्या आणि थांबल्या.

"मॅडम, वरचं थोडं कसं धरू? ह्याच्यावर रेघ न्हाय त्याची."

"अंदाजानं धरा."

"मग जरा जास्तच धरते," मथुराबाई म्हणाल्या आणि त्यांनी रेघ ओढली. ती सात अंशांच्या पुढे दोन दशांश नाही, चांगली अर्ध्या अंशापर्यंत गेली. मॅडमनी पाहिले. देवदत्त सरांनी पाहिले. मीही पाहिले, ज्याला चूक खपत नाही असा मी. ती रेघ कुणी पुसली नाही. बाईंनी आपली जागा खडू दाबून दाबून, कोपऱ्यापर्यंत हिरवी केली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, वर्तमानपत्रात, टीव्हीवर रोज टक्के ऐकाल. कोणी टक्का सांगितला तर आधी विचारा, कितींपैकी? सरासरी सांगितली तर विचारा, कुणाकुणाची? एवढे माझे ऐका. आणि तुमच्या शाळेत कुठे कपाटामागे, खिडकीत माझ्यासारखा कुणी अडकून पडला असेल, तर त्याला बाहेर काढा. ओल्या फडक्याने पुसू नका, लाकूड फुगते आणि रेघा बुजतात. कोरड्या कापडाने पुसा, फळ्याशेजारी खिळ्याला टांगा. आमच्या ओट्यावरच्या वर्तुळात अजून सहा जणांची जागा काळी आहे, आणि ते सहाही जण उद्या संध्याकाळी वर्गाला येणार आहेत.